अंगावरचं फडकं

दहिवलीत रहिमाखालाचं घर शोधायला पत्ता लागत नसे. सुक्या बोंबलांचा वास धरून चालू लागलं की माणूस बरोबर तिच्या दारात पोचायचा. घरामागे, नदीच्या अंगाला, तिचा तबेला होता. नाव तबेला, पण मी लग्न होऊन शेजारच्या घरात आले तेव्हा त्यात घोडा सोडून सगळं होतं: एक लंगडी शेळी, दोन कोंबड्या, येणाऱ्याजाणाऱ्याचा उद्धार करणारा एक पोपट आणि एका मदाऱ्याचं माकड. यातलं एकही जनावर रहिमाखालाचं नव्हतं.

“मग हायत कोनाची?” मी सासूबाईंना विचारलं.

“ज्यांना घर नाय त्यांची,” सासूबाई म्हणाल्या. “आन् हिला घर हाय, म्हून हिच्या बोडक्यावर.”

माझ्या सासूबाई, धोंडूबाई, म्हणजे तोंडाने फटकळ आणि हाताने सढळ. असं म्हणता म्हणता त्या भाताची पेज त्याच तबेल्याकडे घेऊन निघाल्या होत्या.

तेव्हा कर्जत स्टेशनाजवळ कुणा शेटजींची धर्मशाळा होती. तिथला धर्म बेताचाच होता. जात विचारून जागा मिळायची. ठाकर-कातकऱ्यांना बाहेरच्या कट्ट्यावर, पत्र्याखाली. आणि जनावराला तिथेही नाही, तशी पाटीच दारावर ठोकलेली. बेघर माणसं तर तेव्हा पुष्कळ झाली होती. कुणाची वाडी सरकारने रानाची हद्द आखताना उठली, कुणाचं अख्खं घर मानमोडीच्या तापाच्या साथीत गेलं. अशा माणसाजवळ काय उरतं? एक गाठोडं आणि एखादं जनावर. पाऊस लागला की ही माणसं धर्मशाळेबाहेर जनावरासकट भिजत बसायची. शहाणी माणसं म्हणायची, वेडे आहेत, एका शेळीपायी मरतील. मला शहाण्या माणसांचा तेव्हापासूनच कंटाळा आहे.

रहिमाखालाने चिंधी नावाच्या ठाकरीण म्हातारीला असंच बघितलं. मुसळधार पावसात ती आपला पदर शेळीवर धरून बसली होती आणि स्वतः काकडत होती. खालाने शेळीचं दावं हातात घेतलं आणि म्हणाली, “ही माज्याकडं ऱ्हाईल. तू पत्र्याखाली जा. सकाळी येऊन बघ हिला, रोज येऊन बघ.” तिथून हा उद्योग सुरू झाला. लंगडी शेळी ती हीच.

तिच्या दोन अटी होत्या, आणि त्यात कुणाला सूट नव्हती. एक, मालकाने आपल्या अंगावरचं एखादं फडकं, न धुतलेलं, जनावराजवळ ठेवून जायचं. दुसरी, जनावराची नजर चुकवून पळायचं नाही. त्याच्यासमोर बसायचं, “येतो” म्हणायचं, आणि मग उठायचं. मदाऱ्याला हे सगळं हास्यास्पद वाटलं. तो तसाच सटकला, तर माकडाने चार दिवस रस्त्यावरच्या लोकांना बोंबील फेकून मारले. मग आला बिचारा परत, आपला घामट रुमाल घेऊन.

ही रीत खालाला सुचली ती तिच्या नवऱ्यामुळे. इद्रिस टांगा चालवायचा. घरची माणसं मूळची मुरुडकडची; समुद्राची ओढ रक्तात. मोठ्या लढाईच्या दिवसांत त्याचे चुलतभाऊ खलाशी म्हणून बोटीवर निघाले आणि हाही निघाला. खाला त्याला मुंबईच्या बंदरापर्यंत पोचवायला गेली होती. “येतो” म्हणाला आणि गेला. इकडे त्याच्या घोडीने दाणा सोडला. खालाने सगळं करून बघितलं आणि मग एक दिवस इद्रिसची मळकी लुंगी तिच्या गव्हाणीवर टाकली. घोडीने तिच्यात तोंड खुपसलं, बराच वेळ तशीच उभी राहिली, आणि मग खायला लागली.

पुढे घोडी म्हातारी होऊन मेली. इद्रिस आला नाही. बोट बुडाली असं कुणी सांगितलं, काही माणसं वाचली असंही कुणी सांगितलं, आणि या दोन सांगण्यांच्या मध्ये खाला अडकून राहिली. लोक म्हणाले, आता बांगड्या उतरव. ती म्हणायची, “मला कुनी दाखवा, मग उतरवते.” टांगा गेला, तिने सुक्या मासळीची पाटी डोक्यावर घेतली. मुंबईत मात्र तिने त्यानंतर पाऊल टाकलं नाही. तिला माल आणायला पेण-अलिबागकडचे लोक चालायचे, मुंबई चालायची नाही.

इद्रिसचा एक सदरा तिच्याजवळ राहिला होता. निळ्या चौकड्यांचा, तिने स्वतः शिवलेला. दोन गुंड्या पांढऱ्या आणि एक काळी, कारण पांढरी तिसरी मिळाली नव्हती. निघायच्या आदल्या दिवशी त्याने तो अंगातून काढला, तो तसाच, न धुता, पत्र्याच्या पेटीत होता. घरभर बोंबील आणि जवळा, त्यामुळे पेटीला ती खालून-वरून जुनेर गुंडाळायची. वर्षातून एकदा, ईदच्या सकाळी, अंघोळ करून, मासळीला हात लावायच्या आधी, पेटी उघडायची. सदरा नाकाशी धरायची आणि लगेच ठेवून द्यायची. “जास्त घेतला तर संपंल गं,” असं एकदा मला म्हणाली होती. मी नवीन लग्न झालेली मुलगी, तरी मला हसू आलं नाही.

एकोणीसशे चोवीस सालच्या उन्हाळ्यात म्हातारा चांगो कातकरी आला. त्याची वाडी खालापूरच्या अंगाला डोंगरात होती, ती उठली. बायको मानमोडीत गेलेली. तो नदीकाठी वडाखाली राहायचा, मोळ्या विकायचा, खेकडे धरायचा. त्याच्याजवळ एक कुत्री होती, खारी नावाची. अंगावर खारीसारखेच पट्टे. चांगो एक घास खायचा, दुसरा तिला द्यायचा, आणि तिच्याशी इतकं बोलायचा की माणसांशी बोलायला त्याच्याजवळ काही उरत नसे.

त्याच्या पायावर कुऱ्हाड बसली होती. झाडपाला बांधून त्याने दुखणं काढलं, पण पाय सुजून काळा पडायला लागला. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, मुंबईच्या मोठ्या इस्पितळात जा, नाहीतर पाय जाईल आणि पायामागून तूही. चांगो म्हणाला, “नाय जात. खारीला कोन बघंल?” डॉक्टर चिडले. त्यांचंही चुकलं नाही. पण चांगोही बरोबरच होता.

सासूबाईंनी ही बातमी खालाला सांगितली. खालाने पाटी खाली ठेवली आणि वडाखाली गेली.

मोहल्ल्यात थोडी कुरकुर झाली. शेळी ठीक, माकडही ठीक, पण कुत्रं? खाला म्हणाली, “घरात कुठं हाय? तबेल्यात हाय.” तबेल्यातून आली की ती अंघोळ करून लुगडं बदलायची आणि मगच नमाजाला बसायची. दिवसातून किती वेळा ते करायची ते मोजलं नाही, पण आमच्या सामायिक विहिरीचा रहाट तेव्हा सारखा वाजायचा.

चांगोने डोक्याचं फडकं सोडून तबेल्यातल्या पेंढ्यावर ठेवलं. खारीसमोर बसला. “येतो गं बाय माजी. हितं ऱ्हा. ही बाय सांगंल तसं कर.” मग आमच्या ह्यांच्या खांद्यावर हात टाकून लंगडत स्टेशनावर गेला. खारी दोन दिवस दाराकडे बघत पडून राहिली. तिसऱ्या दिवसापासून त्या फडक्यावर मान टाकून झोपायला लागली आणि खायलाही लागली. खालाचा चेहरा उजळला. “आता पाय बरा करून ये म्हनावं,” ती म्हणाली.

रमजान चालू होता. ईद जवळ आली तशी आमच्या सासूबाईंना उमाळा आला. बिचारी रहिमा रोजे धरून डोक्यावर पाटी वाहते, तिच्या सणाला घर झाडायलासुद्धा कुणी नाही. खाला बाजारात गेली होती. सासूबाई पदर खोचून तिच्या घरात शिरल्या. भिंती झाडल्या, ओटा सारवला, भांडी चिंचेने लखलखीत केली आणि मग तबेल्यात गेल्या. तिथे पेंढ्यावर ते काळंकुट्ट, तेलकट फडकं. सासूबाईंना घाण बघवत नाही, तो त्यांचा जन्माचा रोग. फडकं राखेच्या पाण्यात उकळलं, दगडावर आपटलं आणि दोरीवर वाळत घातलं. मूळचं पांढरं होतं हे तेव्हा कळलं. मी घरी असते तर अडवलं असतं, पण मी माहेरी गेले होते.

मी संध्याकाळी परत आले तेव्हा खाला दोरीखाली बसली होती आणि सासूबाई तिच्यासमोर उभ्या होत्या, लहान मुलाने भांडं फोडल्यावर उभं राहावं तशा.

“धोंडूआक्का,” खाला म्हणाली, “तू फडकं नाय धुतलंस गं. मानूस धुतलास.”

खारीने त्या स्वच्छ फडक्याचा एकदा वास घेतला, पुन्हा घेतला आणि तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी ती दावं तोडून स्टेशनावर जाऊन बसली. पोशा नावाचा हमाल तिला उचलून घेऊन आला. तिने खाणं सोडलं ते सोडलंच. भाकर, पेज, बोंबलाचं डोकं, आमच्या ह्यांनी धरून आणलेला खेकडा, कशालाही तोंड लावेना. सूर्य बुडाला की खाला आधी तिच्यापुढे ताटली ठेवायची आणि मग आपला रोजा सोडायला बसायची. पण खारी ताटलीकडे बघायची नाही आणि खालाचा खजूर हातातच राहायचा. “हिचा रोजा सुटंना,” ती म्हणायची, “माजा कसा सुटंल?”

कुत्रीच्या बरगड्या दिसायला लागल्या. चांगोचं या जगात ते एवढंच होतं, आणि ते खालाच्या भरवशावर होतं. ती गेली तर तो कशासाठी चालत घरी येणार? आणि घर तरी कुठे? त्याचं घर म्हणजे ती कुत्रीच होती.

एक दिवस सकाळी खाला आमच्या दारात उभी राहिली. हातात छोटं गाठोडं होतं. “मी मुंबईला चालले,” ती म्हणाली. “त्याच्या अंगावरचं दुसरं कायतरी आनते.”

सासूबाई आत आल्या आणि मला म्हणाल्या, “तू चार यत्ता शिकलीस ना? पाट्या वाचायला जा तिच्याबरोबर. आन् कुत्रीला मी बघते. मांडीवर घेऊन बसते पायजे तर.” कुत्रं शिवलं तर अंघोळ करणारी ही बाई!

गाडीत खालाने गाठोडं मांडीवरून खाली ठेवलं नाही. कल्याण गेलं, ठाणं गेलं, ती खिडकीबाहेर बघत होती पण काही दिसत असेल असं वाटेना. मी विचारलं, “खाला, काय हाय त्यात?”

“काय नाय गं. मुंबईला रिकाम्या हातानं कसं जायचं?”

इस्पितळात चांगोला मी ओळखलंच नाही. डोकं-दाढी भादरलेली, अंगात पांढरा बंडीसारखा सदरा, पायाला हे एवढं बँडेज. जवळ गेलं की औषधाचा उग्र वास. खालाला बघताच तो म्हणाला, “खारी?”

खाला खोटं बोलणारी नव्हती. तिने सगळं सांगितलं. चांगो ऐकत ऐकत खाटेवरून खाली उतरायलाच लागला. नर्सबाई धावत आली, मागून डॉक्टर आला. आता पाय टाकलास तर जखम उलेल आणि पाय कापावा लागेल, असं त्याने बजावलं. चांगो रडायला लागला. म्हातारा माणूस लहान पोरासारखा हुंदके देत होता आणि मला कुठे बघावं ते कळत नव्हतं.

“त्याच्या अंगावरचं कायतरी द्या,” खाला नर्सबाईला म्हणाली. “जुनं. त्यानं आनलेलं.”

“ते सगळं जाळलं. उवा होत्या,” नर्सबाई म्हणाली. “इथले कपडे रोज उकळतात. इथलं काही बाहेर न्यायचं नाही.”

म्हणजे तिथेही एक धोंडूबाई होतीच, सगळ्या इस्पितळाची.

खाला खाटेशेजारी बसून राहिली. मग तिने मांडीवरचं गाठोडं सोडलं. आत निळ्या चौकड्यांचा सदरा होता. दोन पांढऱ्या गुंड्या, एक काळी. ती हा सदरा मुंबईला कशाला घेऊन आली होती ते मला तेव्हा कळलं. भेटलाच कुठे, तर अंगावर घालायला काही असावं म्हणून. इतक्या वर्षांनी! मला तिचा रागही आला आणि तिला घट्ट धरून ठेवावंसंही वाटलं.

ईद अजून दोन दिवसांवर होती. तरी तिने सदरा चेहऱ्याशी धरला. यावेळी लगेच खाली घेतला नाही. बाजूच्या खाटेवरचा माणूस बघायला लागला तरी नाही. मग तिने तो चांगोपुढे केला.

“हा घाल. आतून घाल, उघड्या अंगावर. उद्या दुपारपर्यंत काढू नको. घाम येऊ दे भरपूर.”

चांगोने कापड बोटांनी चाचपलं. “चांगला हाय. कोनाचा, बाय?”

“घरात पडला व्हता,” खाला म्हणाली.

मी तोंड उघडलं होतं. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी ते मिटलं.

रात्र आम्ही डोंगरीला तिच्या मावसबहिणीकडे, नूरबानोकडे, काढली. तिथून बंदर फार लांब नाही. बोटीचा भोंगा वाजला की खालाची मान वळायची. नूरबानो म्हणाली, “जाऊन येऊ या का गोदीपर्यंत?” खाला म्हणाली, “नको. कुत्री उपाशी हाय.” जणू गोदीवर गेली तर ती परत फिरणारच नव्हती. मला वाटतं, नसतीच फिरली.

दुसऱ्या दिवशी चांगोने सदरा काढून दिला तेव्हा तो पाठीला ओला होता. खालाने वास घेतला नाही. केळीच्या पानात आणि वर पंच्यात गुंडाळला.

आम्ही दहिवलीत पोचलो तेव्हा दिवस मावळतीला आला होता. सासूबाई खरोखरच तबेल्यात पेंढ्यावर बसल्या होत्या, आणि खारीचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं. कुत्री उठेना. खालाने सदरा सोडून तिच्या नाकाशी ठेवला. आधी कान हलला. मग शेपटीचं टोक. मग तिने नाक काखेच्या शिवणीत खुपसलं आणि असा आवाज काढला की सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. सदऱ्यावर ती गोल फिरली, अंग टाकलं, आणि सासूबाईंच्या हातातली पेज चाटायला लागली.

मशिदीत बांग झाली. खालाने विहिरीवर जाऊन हातपाय धुतले, पायरीवर बसून खजूर तोंडात घातला आणि पाणी प्याली. “अल्ला,” एवढंच म्हणाली.

ईदच्या सकाळी शिरखुर्मा घ्यायला मी तिच्याकडे गेले. पत्र्याची पेटी उघडी होती. भोवतीची जुनेरं काढून धुवायला टाकली होती. खाला पेटीत सुका जवळा भरत होती. “पावसाळा येतोय,” ती म्हणाली. “सादळायचा नाय पेटीत.” मी वाटी घेऊन घरी आले आणि चुलीपुढे बसून मनसोक्त रडले.

चांगो पावसाळा सरल्यावर परतला, काठी टेकत, दोन्ही पायांवर. खारीने त्याला नदीपलीकडूनच ओळखलं. ते मी सांगत बसत नाही. ज्यांनी कधी कुत्रं पाळलंय त्यांना ठाऊक आहे आणि ज्यांनी नाही त्यांना सांगून कळायचं नाही.

दुसऱ्या दिवशी तो सदरा घेऊन आला. नदीवर रिठ्याने धुतला होता, कातळावर वाळवला होता, घडी घालून पळसाच्या पानांवर ठेवून दोन्ही हातांनी पुढे केला. दुसऱ्याची वस्तू मळकी परत करणं त्याच्या रीतीत बसत नव्हतं. “सोच्छ केलाय, बाय. मालक आलं म्हंजी घालतील.”

खालाने सदरा हातात घेतला. गुंडीवरून बोट फिरवलं.

“तूच घाल, चांगोबाबा,” ती म्हणाली. “कापडात मानूस असलेला बरा.”

चांगो पुढे बरीच वर्षं होता. खालाने तबेल्याच्या एका अंगाला कूड घालून त्याला खोली करून दिली. जनावरांची राखण तोच करायला लागला. दुसरा सदरा त्याच्याकडे नव्हताच. संध्याकाळी रानातून पाला घेऊन तो नदीच्या वाटेने यायचा, मागे खारी. खाला ओट्यावर बोंबील निवडत बसलेली असायची. कोण येतंय ते तिला माहीत होतं. रोज त्याच वेळी, त्याच वाटेने तोच म्हातारा लंगडत येतो, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. तरी झाडीतून निळ्या चौकड्या दिसल्या की ती हातातलं काम टाकून उठायची, डोक्यावरचा पदर सारखा करायची, आणि तो जवळ येईपर्यंत तशीच उभी राहायची.